असयूतच्या जाळीची कड

मिसर देशांतील असयूत शहराच्या नांवानें ओळखली जाणारी जाळी नृत्याच्या पोषाखांत झळकते. तिच्या छिद्रांतून धातूची चपटी पट्टी ओवून, दुमडून, दाबून नक्षी भरलेली असते. जाळीचे धागे सुटत नाहींत. तरीहि कड शिवावी लागते, कारण कापलेल्या पट्टीचें टोंक नर्तिकेच्या अंगाला बोचतें. पण यंत्राची सुई पट्टीवर आदळली कीं मोडते आणि खालचे दांते जाळीच ओढून घेतात. म्हणून जाणती शिंपीण शिलाईच्या रेषेवरील पट्ट्या आधीं उकलून काढते, खालीं पातळ कागद ठेवते, कडेला मऊ गोट लावते आणि चाक हातानें फिरवीत एकेक टांका घालते. कागद मागाहून फाडून टाकतां येतो. फाटलेली जाळी मात्र पूर्ववत् होत नाहीं. जाळी जुनी असेल, तर यंत्र बाजूस ठेवून हातशिलाई करण्यांतच शहाणपण आहे.