पक्ष आणि सत्य
(शिरढोण येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपण जमलो आहोत ते शिरढोण हे आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. १८७९ साली ते पकडले गेले, तेव्हा सरकारने त्यांस दरोडेखोर म्हटले. न्यायालयात त्यांचा बचाव केला तो गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका यांनी. काकांचा मार्ग सनदशीर, फडक्यांचा शस्त्राचा. तथापि मार्ग भिन्न म्हणून काकांनी पाठ फिरविली नाही.

आज आपली स्थिती निराळी आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, सिडकोसाठी घेतलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्याकरिता शेतकरी उभे राहिले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. हकीकत एवढीच. परंतु सांगणाऱ्याचा झेंडा बदलला की श्रेयाचा धनी बदलतो. एक म्हणतो, आमच्या पक्षाने मिळविले. दुसरा म्हणतो, आमच्या सरकारने दिले. ज्या घरांतील माणसे गेली, त्या घरांचे दुःख मात्र कोणत्याच पक्षाचे नव्हते.

हा दोष मी केवळ दुसऱ्यांच्या पदरी घालीत नाही. मी शिक्षक असताना, माझे मन ज्या पक्षाकडे होते त्याच्या पुढाऱ्यांनी गावात विहीर खोदविली. वैशाखात ती आटली. चौकशीस अधिकारी आले, तेव्हा विरुद्ध पक्षाचे लोक म्हणाले, "विहीर कोरडी आहे." केवळ ते म्हणाले म्हणून मी म्हटले, "पाणी पुरेसे आहे." गुरुजींचा शब्द मानला गेला आणि टँकर आला नाही. पाऊस पडेपर्यंत गावच्या आयाबाया दूरवरून पाणी आणीत होत्या. त्यांत माझी आईही होती. ती मला एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

बंधूंनो, पक्ष जरूर धरावा; पक्षाशिवाय लोकशाही चालत नाही. पण काही सांगण्यापूर्वी मनाशी एकच प्रश्न विचारावा : हेच काम दुसऱ्या पक्षाने केले असते, तर मी हेच बोललो असतो काय? उत्तर 'नाही' आले, तर थांबावे आणि आधी विहिरीत डोकावून यावे.