विद्यापीठ आणि संग्रहालय

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयांत ब्राँझची एक लहानशी मूर्ति आहे. ती ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, आहे. सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या कांठीं, हा परदेशी देव आला कसा, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनांत उभा राहतो. त्याचें उत्तर मूर्तीच्या अंगावर कोरलेलें नाहीं. ती ज्या मातींतून निघाली त्या मातीनें तें दिलें, आणि ती माती वाचणारे लोक महाविद्यालयांतून आले होते. विद्यापीठ व संग्रहालय यांच्या या नात्याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

ब्रह्मपुरी हें पंचगंगेकांठचें जुनें टेकाड. १९४४ ते १९४६ या काळांत तेथें उत्खनन झालें. राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांनीं त्याचा प्रारंभ केला, आणि १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें शास्त्रीय पद्धतीनें खोदकाम केलें. वर बहमनी काळाचे अवशेष, खालीं सातवाहनकाळचीं विटांचीं घरें, असा कालक्रम थरांवरून उलगडला. त्या जुन्या वस्तींत पोसायडनची मूर्ति, इतर ब्राँझच्या वस्तु आणि सातवाहनकाळचीं नाणीं मिळालीं. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून रोमन साम्राज्याशीं जो व्यापार चाले, त्याचा धागा घांट चढून कोल्हापूरपर्यंत आला होता, हें त्यावरून दिसलें. या कामाचा वृत्तांत १९५२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

आतां कल्पना करा कीं, हीच मूर्ति एखाद्या मजुराला सांपडली असती आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेली असती. धातु तोच, घडण तीच. पण तिच्यापासून इतिहासाला कांहींच लाभलें नसतें. वस्तूचें स्थान हरवलें कीं तिची वाचा जाते, आणि गेलेली वाचा पैसे मोजून परत आणतां येत नाहीं. म्हणून उत्खनन करणाऱ्याची नोंदवही ही मूर्तीइतकीच मोलाची ठेव आहे.

परंतु नोंद झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. वृत्तांत छापून झाल्यावर खापरें आणि मणी पेटाऱ्यांत पडून राहिले, तर लोकांच्या दृष्टीनें ते पुन्हा जमिनींतच गेले. उलट, संग्रहालयांत कपाटें भरलेलीं आहेत आणि त्यांतील वस्तूंचा अभ्यास करणारा कोणी नाहीं, अशी स्थिति असेल तर पाहणारा दोन घटका चकित होऊन रिकाम्या हातांनीं घरीं जातो. एकाजवळ विद्या आहे, दुसऱ्याजवळ वस्तु आणि प्रेक्षक आहेत. दोघेहि एकमेकांवांचून अपुरे आहेत.

ही कल्पना नवी नव्हे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचें ॲशमोलियन संग्रहालय १६८३ सालीं उघडलें. आपल्याकडे दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं साताऱ्यास जमविलेला ऐतिहासिक संग्रह १९३९ सालीं डेक्कन कॉलेजांत आला, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे कागद अभ्यासकांच्या हाताशीं आले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठानें १९५२ सालीं संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला. संग्रह सांभाळणें हीहि शिकण्याची विद्या आहे, ही गोष्ट त्यामुळें मान्य झाली.

यावर दोन आक्षेप येतात. संग्रहालयाचे अधिकारी म्हणतात, विद्यार्थ्यांच्या हातीं वस्तु दिल्या तर त्या फुटतील. प्राध्यापक म्हणतात, चिठ्ठ्या लिहिण्यांत आमच्या संशोधनाचा वेळ जाईल. पहिल्याचें उत्तर असें कीं, वस्तु कशी उचलावी व कशी ठेवावी हें शिकविल्यावांचून विद्यार्थ्याला तिला हात लावूं देऊंच नये. दुसऱ्याचें उत्तर असें कीं, एखाद्या खापराविषयीं चार ओळी शुद्ध मराठींत, शाळकरी मुलाला समजतील अशा लिहिणें हीच अभ्यासाची खरी कसोटी होय.

म्हणून तीन गोष्टी आधींच ठरल्या पाहिजेत. पहिली कुदळ पडण्यापूर्वी, निघालेल्या वस्तु कोठें राहतील हें लेखी ठरावें. उत्खननाच्या वहींतील क्रमांक आणि संग्रहालयाच्या वहींतील क्रमांक एकमेकांशीं जुळते असावेत. आणि पदवीच्या अभ्यासक्रमांत संग्रहालयांतील प्रत्यक्ष कामाला गुण असावेत. कारण ज्याला गुण नाहींत त्याला आमच्याकडे वेळहि मिळत नाहीं.

श्रोतेहो, यांत आपणांसहि वांटा आहे. शेतांत किंवा पायाच्या खोदाईंत एखादी जुनी वस्तु मिळाली, तर ती घासून लख्ख करूं नका व विकूं नका. कोठें आणि किती खोलीवर मिळाली हें लिहून ठेवा, आणि लागलीच सरकारी अधिकाऱ्यांस अथवा जवळच्या संग्रहालयास कळवा. संग्रहालयांत मुलांना न्याल तेव्हां केवळ "हें काय आहे" एवढेंच न विचारतां "हें कोठें मिळालें" असेंहि विचारा. हा दुसरा प्रश्न घरोघरच्या मुलांच्या तोंडीं आला, म्हणजे त्याचें उत्तर देण्यासाठीं विद्यापीठाला संग्रहालयाच्या दारीं यावेंच लागेल.