विजेवरच्या दुचाकीचा टायर आणि हवेची नळी

(दुचाकी दुरुस्ती व्यावसायिकांच्या चेंबूर येथील मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

विजेवर चालणाऱ्या दुचाकीचा टायर दोन तऱ्हांनी अकाली निकामी होतो. बाजूच्या भिंतीवर बारीक तडे जातात, किंवा नक्षी झिजून रबर गुळगुळीत होते. मागच्या चाकावर हे आधी दिसते. पुष्कळदा दोन्ही एकाच टायरवर सापडतात आणि मालक रबराला दोष देऊन नवा टायर घेतो. काही महिन्यांत नव्याचीही तीच गत होते.

प्रथेप्रमाणे या भाषणात धंद्याचा वर्षभराचा आढावा यायचा. बॅटरी, कंट्रोलर, ब्रेक, सुटे भाग या सगळ्यांना त्यात जागा असते. तो आढावा यंदा लेखी अहवालावर सोपवला आहे. या दोन्ही दोषांमागचा टायरमधल्या हवेचा प्रश्न अनेक मेळाव्यांत शेवटच्या पाच मिनिटांत गुंडाळला गेला, म्हणून या वेळी तोच पूर्ण मांडणे आवश्यक आहे.

टायरचे रबर हे नैसर्गिक आणि कृत्रिम रबराचे मिश्रण असते. गंधकाबरोबर तापवून त्याला घट्टपणा आणतात. ही क्रिया चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये सापडली. झीज कमी व्हावी म्हणून त्यात कार्बनची काजळी घालतात. या रबराच्या रेणूंत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमके तेच तोडतो. त्यापासून बचाव व्हावा म्हणून कारखान्यात ओझोनविरोधी रसायने आणि मेण मिसळतात. गाडी चालताना रबर वाकते, सैलावते, आणि मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरते. गाडी दीर्घकाळ उभी राहिली की हा थर पुन्हा धरण्याचे काम मंदावते.

यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ताणाचा. सैल पडलेल्या रबराला ओझोनने तडा जात नाही. रबर ताणलेले असावे लागते, आणि तडा त्या ताणाला काटकोनात जातो. म्हणूनच प्रयोगशाळेत ओझोनची चाचणी घेताना रबराची पट्टी आधी ताणून ठेवतात. साधारणपणे 20 टक्के लांबवून, 40 अंश सेल्सिअस तापमानात. हवा कमी असलेल्या टायरची भिंत जमिनीलगत फुगते. तशी गाडी रात्रभर उभी राहिली, तर प्रयोगशाळेतली हीच चाचणी गल्लीत चालू असते.

झिजेचे गणितही हवेशीच जोडलेले आहे. हवा कमी असली की नक्षीचा मधला भाग भार घेत नाही. दोन्ही कडा रस्त्याला घासतात, भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि टायर तापतो. हवा जास्त झाली की मधला पट्टा झिजतो. त्यामुळे झिजलेला टायर हातात घेतला की कारण बहुतेक वेळा त्याच्यावरच वाचता येते.

विजेच्या गाडीत या दोषाला आणखी जोर मिळतो. मोटर थांबलेल्या अवस्थेपासूनच पुरा जोर देते, त्यामुळे सिग्नल सुटताच मागचा टायर घासला जातो. पुष्कळ स्वस्त गाड्यांत मोटर मागच्या चाकातच असते. तिचे वजन शॉकअपच्या खाली येते आणि खड्ड्याचा मार टायरला सोसावा लागतो. 250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या गाडीला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. त्यामुळे घरपोच माल पोचवणाऱ्या मुलांनी हीच गाडी धरली. तिच्यात शिशाच्या चार-पाच बॅटऱ्या असल्या, तर त्यांचेच वजन पंचवीस-तीस किलोंच्या घरात जाते. वर चालक आणि पाठीवरची पिशवी. टायरच्या भिंतीवर 42 हा भारांक असला, तर तो टायर 150 किलो पेलतो, पण ठरलेली हवा भरलेली असेल तरच. 2025 च्या महाराष्ट्र बाइक-टॅक्सी नियमांनी त्या सेवेसाठी विजेवरच्याच दुचाकी ठरवल्या आहेत. म्हणजे मागच्या चाकावर आता प्रवासीही बसणार.

कारणांविषयी धंद्यात तीन मते आहेत. रबर हलक्या प्रतीचे असते, असे एक मत. रस्ते, विशेषतः खरबरीत काँक्रीट, हे दुसरे. तिसरे मत चेंबूरच्या हवेचे: माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि सायन-पनवेल महामार्गावरची अवजड वाहतूक यांमुळे इथला ओझोन रबर खातो. वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर उन्हात एकमेकांशी मिसळून ओझोन तयार होतो, हे खरे. पण टिळकनगरच्या एका गॅरेजात अनेक वर्षांत आलेल्या गाड्यांनी या वादाचा निकाल लावला आहे. उदाहरणार्थ, एकाच चाळीतल्या दोघा भावांनी एकाच बनावटीच्या गाड्या घेतल्या. चारही टायरांवर एकाच आठवड्याचा शिक्का होता. दोघेही घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने देवनारकडे जात आणि गाड्या एकाच भिंतीलगत उभ्या करत. धाकटा आठवड्याला गॅरेजात हवा बघून घेई. थोरला गाडी डुलायला लागली तरच येई. पावसाळा सरून उन्हाळा आला तोवर थोरल्याच्या मागच्या टायरला भिंतभर तडे आणि दोन्ही कडा साफ. धाकट्याचा टायर त्यानंतरही चालला. रबर, रस्ता आणि चेंबूरचे आभाळ दोघांनाही सारखेच होते.

थोरल्याने विक्रेत्याकडे तक्रार नेली, तेव्हा त्याला उत्तर मिळाले की टायर हा झिजणारा भाग आहे, त्यावर हमी नाही. गाडी देताना मात्र हवेविषयी त्याला कोणी एक शब्द सांगितला नव्हता. हे उत्तर धंद्याला शोभणारे नाही. पावसाळ्यात डंपरच्या शेजारून जाताना तडकलेला टायर फुटला, तर तिथे हमीचा कागद कामाला येत नाही. तिथे माणूस जातो.

मूळ अडचण चालकाच्या आळसात नाही. पेट्रोलची गाडी दर काही दिवसांनी पंपावर जाते, आणि पंपावर हवेची मोफत सोय ठेवणे बंधनकारक आहे. पेट्रोल भरले की दोन पावलांवर नळी. चेंबूरच्या दोन पिढ्यांना ही सवय अशीच, कोणी न शिकवता लागली. विजेच्या गाडीने पंपाचा रस्ता सोडला आणि ही सवयही तिथेच राहिली. बॅटरी घरात चार्ज होते किंवा नाक्यावर बदलून मिळते. त्या जागी नळी बहुधा नसते. ट्यूबमधून हवा हळूहळू आपोआप झिरपत असते, आणि तिकडे बघणारे कोणी उरलेले नाही. टायर अकाली जाण्याचे पहिले कारण हेच आहे, बाकीची त्यानंतरची.

उपाय साधे आहेत. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, मापकाने बघावी. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत पुढच्या आणि मागच्या चाकाचे वेगवेगळे आकडे असतात, तेच धरावेत. गाडी रात्री मेन स्टँडवर आणि दिवसा शक्यतो सावलीत उभी करावी. चकाकीसाठी टायरवर डिझेल किंवा तेलाचा बोळा फिरवू नये; तेलाने रबर फुगते. नवा टायर घेताना भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचावा: 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. दुचाकीच्या टायरसाठी आयएस 15627 हे भारतीय मानक आहे, त्याची आयएसआय खूण बघावी. नक्षीच्या खोबणीतल्या उंचवट्यापर्यंत रबर झिजले की टायर बदलावा. भिंतीवरचे तडे खोल जाऊन आतले धागे दिसू लागले, तर त्याच दिवशी बदलावा.

पुढच्या कामांपैकी दोन महत्त्वाची. प्रत्येक गॅरेजने बदललेल्या टायरची नोंद ठेवावी: शिक्का, हवा, झिजेची जागा. तिचा नमुना नंतर ठरवता येईल. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रबर उद्योगाची संशोधन संस्था आहे. अशा नोंदी तिच्यापुढे ठेवता येतील. दुसरे काम मागणीचे. बॅटरी चार्ज करण्याच्या किंवा बदलण्याच्या प्रत्येक सार्वजनिक जागी हवेची नळी आणि मापक असावे, आणि हवा मोफत असावी. ही मागणी महापालिकेकडे न्यायची की परिवहन खात्याकडे, हे कार्यकारिणीने ठरवावे. तोवर चेंबूर नाक्यापासून वाशी नाक्यापर्यंतच्या प्रत्येक गॅरेजने विजेच्या गाडीला हवा फुकट भरून द्यावी आणि आकडा चालकाला दाखवावा.