दुकानातला एक प्रश्न : 'शाळेत गोळी मिळाली का?'



चवथ जवळ आली की आमच्या औषधांच्या दुकानात एक मागणी ठरलेली. "पोर आता मोदक, नेवऱ्या खाणार, जंत होतील. गोळी द्या." मी विचारतो, "शाळेत मिळाली का?" बहुतेक वेळा उत्तर येते, "ठाऊक नाही."

आधी एक गैरसमज दूर करू. जंत गोडाने होत नाहीत. उघड्यावरच्या शौचातून अंडी मातीत मिसळतात आणि न धुतलेल्या हातांतून, भाजीतून पोटात जातात. आकडी कृमीच्या अळ्या तर अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात. पुढे ही कृमी आतड्याला चिकटून रक्त पिते. मूल फिकट पडते, अभ्यासात मागे राहते.

म्हणून २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोल फुकट देतात. दोन वर्षांखालील बाळाला अर्धी, पुढे ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी. लहानांना चुरडून पाण्यातून, मोठ्यांनी चावून.

आपले तेरेखोल गोव्याचे, पण नदीपलीकडे. केरीला जायचे तर फेरीबोट, रेडीला मात्र पायवाटेनेही जाता येते. घर एका राज्यात, आजोळ दुसऱ्या राज्यात. अशा मुलाची गोळी चुकते किंवा दोनदा होते. ते हेरायला शेवटी दुकानदारच समोर असतो.

एकदा एक आजी नातवासाठी गोळी मागायला आल्या. शाळेत आदल्याच दिवशी मिळाली होती, हे नातवानेच सांगितले. मी गोळी दिली नाही. आजी रागावल्या, पण गेल्या समजून.

फार्मासिस्टचे काम एवढेच आहे. विचारायचे, चुकली असेल तर आरोग्य केंद्राकडे पाठवायचे, मूल आजारी असेल किंवा दुसरी औषधे चालू असतील तर डॉक्टरांकडे. गोळीनंतर थोडी मळमळ, पोटदुखी झाली तर धीर द्यायचा.

तुमच्याकडूनही एकच मागणे. गोळी घेतल्याची तारीख मुलाच्या वहीवर लिहून ठेवा. आणि गोळी अंडी असलेली माती धूत नाही, ती हातांवरून साबणच धुतो. पायांत चप्पल हवीच.

गणपती बाप्पा मोरया!