कॉर्डकोश आणि आपला कान

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मंडळाच्या चालकांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी जरा संकोचलोच. मी शालान्त परीक्षेपुरता शिकलेला निवृत्त शिक्षक. संगीतातला पंडित तर मुळीच नव्हे. तथापि नातवाच्या संगतीने उतारवयात एक नवी विद्या थोडीफार पदरी पडली, तिची हकीकत आपणांपुढे ठेवतो.

माझ्या वडिलांची बाजाची पेटी आमच्या घरी आहे. नातवाने ती हाती धरावी ही माझी इच्छा. त्याने गिटार धरली. तीवर तो कॉर्ड वाजवी. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी उमटणारा तीन वा अधिक स्वरांचा मेळ. आपले गाणे एका स्वरामागून दुसरा स्वर असे चालते. म्हणून मला तो प्रकार परका वाटे, आणि तसे मी बोलूनही दाखवी. एका घरात दोन वाद्ये, परंतु दोघांत अबोला!

पुढे गणेशोत्सवात आळीतील भजनाला त्याने साथ करण्याचे ठरविले. मुले ज्याला डिजिटल कॉर्ड लायब्ररी म्हणतात, त्या मोबाईलवरील कॉर्डकोशातून सी, एफ आणि जी या तीन कॉर्ड त्याने घोटल्या. गायकाने मात्र काळी दोनमध्ये सूर लावला. सारेच बेसूर झाले, लोक हसले. त्या रात्री मुलाने गिटार गवसणीत घातली, ती महिनाभर काढली नाही. गायकाची पट्टी आधी विचारावी, एवढे मी त्याला सहज सांगू शकलो असतो. परंतु मी त्याच्या वाद्याची कधी विचारपूसच केली नव्हती. ही टोचणी मला स्वस्थ बसू देईना.

मग मीच तो कोश उघडला. कॉर्डचे नाव लिहिताच आकृती येते. सहा उभ्या रेषा म्हणजे गिटारीच्या सहा तारा. आडव्या रेषा म्हणजे पडदे. ठिपका असेल तेथे बोट दाबावे, शून्य असेल ती तार मोकळी वाजवावी, फुली असेल ती वाजवू नये. मी पेटी जवळ ओढली आणि ताडून पाहिले. सी म्हणजे पांढरी एकचा सा, ग, प! एफ म्हणजे म, ध, सा. जी म्हणजे प, नी, रे. सा पासून चार पट्ट्या पुढे शुद्ध ग, त्यापुढे तीन पट्ट्यांवर प, ही मेजर कॉर्ड. शुद्ध ग ऐवजी कोमल ग घेतला की तीच मायनर झाली. ज्याला मी परके म्हणत होतो, ते वडिलांच्या पेटीतच होते.

नातवाला हाक मारली. तिसऱ्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा लावला, की त्याच सी, एफ, जीच्या आकृत्या काळी दोनमध्ये बोलतात. हे दोघांनी मिळून पडताळले, तेव्हा गवसणी सुटली.

मात्र एक गोष्ट कोश सांगत नाही. चालीत ‘प’ आला, तर तो सा-ग-प मध्येही आहे आणि प-नी-रे मध्येही. त्या ठिकाणी कोणता मेळ शोभेल, हे कानानेच ठरवावे लागते. कोश बोटांची जागा दाखवितो. बदलण्याची वेळ ऐकून ऐकून कळते. शब्दकोश पाठ करून कोणी निबंध लिहू शकत नाही, हे मी मुलांना पुष्कळ वर्षे सांगत आलो; येथेही तेच.

बंधूंनो, आपण जिला आज आपली म्हणतो ती पेटीही मूळची युरोपातलीच. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तीवर बंदी घातली, आणि ती सैल होण्यास सुमारे तीस वर्षे लागली. म्हणून घरात आलेल्या नव्या वाद्यास लगेच दार लावू नये.

माझी एकच नम्र सूचना आहे. दर रविवारी सायंकाळी एक तास मंडळाचे सभागृह उघडे ठेवावे. मुलांनी कोश आणावा, वडीलधाऱ्यांनी आपला कान आणावा. यंदाच्या भजनाला आम्ही आजा-नातू साथीला बसणार आहोत. चुकलो तर हसावे. परंतु तो हशा आम्हां दोघांत सारखा वाटून द्यावा.