एक वर्ष पुढचा सोबती
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यातल्या बहुतेकांना पोहायला कुणी शिकवलं? कमरेला सुके नारळ बांधून विहिरीत ढकलणाऱ्या थोरल्या भावानं, नाहीतर शेजारच्या दादानं. आदल्या मे महिन्यात त्याच्याही नाकातोंडात पाणी गेलेलं असायचं, म्हणून आपली भीती त्याला कळायची. डॉक्टरकीतही हेच चालतं, हे मला मानसोपचाराच्या वॉर्डात कळलं.

शिकताना तिथं मोजकेच आठवडे मिळतात. पहिल्याच दिवशी एका आजींनी माझा हात धरला. "झिला, माका घराक व्हर." आपली बोली ऐकून मी गडबडलो. "उद्या नेतो" असं खोटंच बोललो आणि बाहेर पळालो. सरांना सांगायची लाज वाटली.

एक वर्ष पुढची ताई जिन्यात भेटली. म्हणाली, "गेल्या वर्षी मीसुद्धा पळाले होते." दुसऱ्या दिवशी ती सोबत आली. आधी बस, नाव सांग, झोप-जेवण विचार. आवाज ऐकू येतात म्हणाले तर वाद घालू नको, होला होही करू नको. पाळता येणार नाही असा शब्द देऊ नको. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचार. विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही.

मी आजींना म्हटलं, "काल मी खोटं बोललो." त्या म्हणाल्या, "माका म्हायत होता." मग घरचं सांगत राहिल्या.

निदान आणि औषधं शिक्षकांनीच शिकवायची. गंभीर काही कळलं तर त्या पुढच्या मुलानंही ते एकट्यानं पेलायचं नाही, लगेच शिक्षकांना सांगायचं. पण दारातून आत न्यायचं काम त्याच्याइतकं कुणाला जमत नाही.

2021 च्या नियमांनुसार प्रत्येक इंटर्नला मानसोपचारात दोन आठवडे काढावेच लागतात. त्यातले बहुतेक मानसोपचारतज्ज्ञ होणार नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतील. घाड्याकडून गाऱ्हाणं घालून झालेला पेशंट आधी त्यांच्यासमोरच येणार. ते दोन आठवडे भीतीत गेले, तर त्याचं ऐकणार कोण?

आता ओरोसलाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या शाळेतून मेडिकलला, नर्सिंगला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला एक-दोन वर्षं पुढचा माजी विद्यार्थी जोडून द्या. ही मुलं स्वतःही खचतात आणि लपवतात. त्यांना टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबरही द्या.

मला नका जोडू. मी तीस वर्षं पुढे आहे; ती भीती मला आता आठवावी लागते.