नवी न केलेली गाडी: शेल्बी कोब्रा डेटोना कूपे

जुनी गाडी चकचकीत दिसली की आपण लगेच म्हणतो, ‘काय रिस्टोअर केलीय, अगदी शोरूममधून काढल्यासारखी!’ आजची गोष्ट मात्र मुद्दाम तशी न केलेल्या गाडीची आहे.

१९६३ साली कॅरोल शेल्बींच्या उघड्या कोब्रात ताकद भरपूर होती. पण ल मान्सच्या लांबलचक सरळ रस्त्यावर फेरारी २५० जीटीओ तिला मागे टाकायची. दोष इंजिनाचा नव्हता, उघड्या बॉडीला हवा अडायची. मग पीट ब्रॉक या तरुण डिझायनरने त्याच चॅसिसवर निमुळती, बंद बॉडी बेतली. मागचं टोक तर सुरीने कापल्यासारखं! टीममधल्याच काहींना ते पटेना. चाचणीत गाडी पळाली आणि वाद मिटला.

अशा एकूण सहाच गाड्या झाल्या. गंमत बघा, त्यातल्या पाचांच्या बॉडी बनल्या इटलीत, मोडेनाला, म्हणजे एन्झो फेरारींच्या जन्मगावी! पहिली तेवढी कॅलिफोर्नियात घडली. तिचा नंबर सीएसएक्स २२८७.

१९६४ मध्ये सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत हिने जीटी गट जिंकला. ल मान्सला मात्र बाहेरची बॅटरी लावून इंजिन सुरू केलं म्हणून बाद ठरली. १९६५ मध्ये शेल्बींच्या टीमने जीटी गटाचं जागतिक अजिंक्यपद फेरारीकडून हिसकावलं. त्याच वर्षाअखेरीस ही बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचे विक्रम करून आली. नंतर विकली गेली आणि जवळपास तीस वर्षं बंद पडून राहिली.

२००१ मध्ये ती फिलाडेल्फियाचे न्यूरोसर्जन फ्रेड सिमिओन यांच्या संग्रहात आली. त्यांनी ती चालती केली, पण नवी केली नाही. आता ती त्यांच्या संग्रहालयात आहे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदणीत पहिलं नाव हिचंच लागलं.

मला सिमिओन यांचं पटतं. जुना पत्रा, ओरखडे, घाईत केलेले वेल्डिंगचे जोड, हा त्या गाडीचा दप्तरी पुरावा आहे. नवा रंग कधीही देता येईल. पण एकदा खरवडून काढलेला इतिहास कुठल्या गॅरेजात परत मिळणार, सांगा?

भेटू पुढच्या भागात.